टेरेसवर भरिताची वांगी लावलीत, फुलं गळून राहिलीत, चंपाषष्ठीला तीन आठवडे उरलेत. काय करू?

गच्चीवरची_सून (जळगाव)

नमस्कार मंडळी, मी इथे नुसती वाचत असते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. आमचं घर जळगावात, वर मोकळी गच्ची आहे. ऑगस्टच्या शेवटी नर्सरीतून भरिताच्या वांग्याची सात रोपं आणली आणि रंगाच्या रिकाम्या वीस लिटरच्या बादल्यांमध्ये लावली. माती शेतातली काळीच, त्यात शेणखत आणि थोडं कोकोपीट. झाडं अशी माजलीत की विचारू नका, कमरेच्या वर गेली, पानं तंबाखूसारखी रुंद आणि काळीभोर. फुलंही येतात, रोज सकाळी पाच-सहा जांभळी फुलं दिसतात, आणि दोन-तीन दिवसांत देठासकट पिवळी होऊन खाली. आतापर्यंत सात झाडांवर मिळून एक वांगं धरलं, लिंबाएवढं झालं आणि त्याला भोक. कापलं तर आत गुलाबी अळी.

आता खरी भानगड सांगते. सासूबाईंचं माहेर यावल तालुक्यातलं, बामणोदच्या बाजूचं. त्या चातुर्मासात वांगं खात नाहीत, सोडतात ते थेट चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. जुलैमध्ये मी जोशात बोलून बसले की आई यंदा नैवेद्याचं वांगं घरचं. रोपं लावल्यापासून त्या रोज संध्याकाळी गुडघे धरत वर येतात, बादल्यांकडे बघतात, आणि काहीही न बोलता खाली जातात. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

खताचं म्हणाल तर दुकानदाराने सांगितलं म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बादलीत मूठभर युरिया टाकत होते. पाणी रोज सकाळ-संध्याकाळ. नळाला पाणी आलं नाही तर टाकीतलं. अजून काय करायचं राहिलं? की टेरेसवर हे वांगं होतच नाही? आणि जाता जाता, गिलक्याच्या (घोसाळ्याच्या) वेलाला बारकी बारकी गिलकी धरतात आणि पिवळी पडून गळतात, ते पण सांगा.

निवृत्त_गार्ड (भुसावळ)

ताई, मूठभर युरिया?! अहो बादलीत आहे ते झाड, एकरात नाही. तुमच्या झाडाला खायला-प्यायला एवढं मिळतंय की त्याला पोरं-बाळं करायची गरजच वाटत नाहीये, नुसतं अंग वाढवतंय. युरिया आजपासून पूर्ण बंद. आता पंधरा दिवस शेणखतही नको. लाकडाची राख असेल तर चिमूटभर मातीवर भुरभुरा, जास्त नको, आपली काळी माती आधीच खारट-चुनखडीची असते आणि त्यात राख ओतली की पानं शिरांमध्ये पिवळी पडायला लागतात, मी करून बसलोय. पाणी दोन वेळा पण नको, आता थंडी पडायला लागली. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर खाली चहा प्या.

आता फुलाचं. उद्या सकाळी चष्मा लावून प्रत्येक फुलाच्या मधोमध बघा. पिवळे पुंकेसर उभे असतात, शंकूसारखे, आणि मधून एक हिरवट काडी येते, तो स्त्रीकेसर. काही फुलांत ती काडी पिवळ्या शंकूच्या बाहेर डोकावते, काहींत टोकाला टोक असते, आणि काहींत आतच दडलेली असते, दिसतच नाही. दडलेलीवालं फूल धरत नाही, ते गळणारच, त्याचं दुःख करू नका. वांग्याच्या प्रत्येक झाडाला अशी सगळ्या तऱ्हेची फुलं येतात. बाहेर डोकावणाऱ्या काडीच्या फुलांवर तुमची मदार. त्यांना सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान देठाच्या मागून बोटाने हलकं टिचकी मारायची, तीन-चार वेळा. वांग्याचे पराग मिठाच्या डबीसारखे असतात, पुंकेसराच्या टोकाला बारीक भोकं असतात, हलवल्याशिवाय पडत नाहीत. शेतात हे काम काळा भुंगा करतो, घोंघों करून फूल थरथरवतो. तिसऱ्या मजल्यावर भुंगा कुठून यायचा. माझा नातू बॅटरीच्या टूथब्रशने करतो, मिसेस ओरडतात, ब्रश त्यांचा आहे.

गिलक्याचं पण तेच. घोसात येतं ते नर फूल, मागे बारकं गिलकं चिकटलेलं एकटं येतं ते मादी. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं म्हणून सकाळी उठल्या उठल्या नर फूल तोडून मादीवर घासायचं. (दोडका असता तर संध्याकाळी, त्याची फुलं दिवस कलल्यावर उमलतात. मी पहिलं वर्ष दोडक्याला सकाळी सकाळी फुलं घासत बसलो होतो, मिटलेल्या फुलांना. शेजारचे बघून हसायचे.)

चिल_खान्देशी

ताई एवढं टेन्शन कशाला, बाजारातून दोन किलो आणा, सासूबाईंना सांगा गच्चीवरचं आहे 😂

गच्चीवरची_सून (जळगाव)

@चिल_खान्देशी भाऊ, त्या बाईने आयुष्य वांग्याच्या शेतात घालवलं. देठ बघून गाव सांगतात.

तापीकाठचा_शेतकरी (यावल)

गार्ड साहेबांनी फुलाचं बरोबर सांगितलं. मी थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

पहिलं म्हणजे रोप कोणतं आहे ते बघा. नर्सरीवाले भरिताचं म्हणून काहीही देतात, मोठं जांभळं काळं वांगं असलं की भरिताचं. आपलं भरिताचं वांगं ते नाही. आपलं फिकट हिरवं, त्याच्यावर पांढुरक्या रेघा, मोठं, आणि आत बिया कमी. २०१६ ला जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते याच वांग्याला, त्याच वर्षी जळगावच्या केळीला पण मिळालं. बामणोद काय, असोदा काय (हो, बहिणाबाईंचं माहेर तेच असोदा), इथली माती आणि हिवाळा ह्याच्यामुळे ती चव येते, मऊपणा येतो, भाजलं की तेल सुटल्यासारखं चकचकतं. बादलीत वांगं येईल, चांगलं येईल, पण शेतातल्यासारखं पाऊण किलोचं येईल ही आशा सोडा. मूळ पसरायला जागाच नाही. एका झाडावर तीन-चार फळं ठेवा, बाकी खुडा, तर अंगाला येतील.

दुसरं, ऑगस्टच्या शेवटी लावणी म्हणजे उशीरच झाला. आम्ही जूनच्या शेवटी-जुलैत रोप टाकतो, महिना-सव्वा महिन्याचं झालं की लावतो, मग दिवाळीच्या आसपास तोडणी सुरू. तुमचं झाड आता फुलावर आलंय म्हणजे डिसेंबर-जानेवारीत खरं पिकेल. फूल धरल्यापासून फळ तोडायला तीन-चार आठवडे धरून चाला. म्हणजे ह्या चार-पाच दिवसांत जे धरेल तेच नैवेद्याला, तेही लहानच.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, ती अळी. शेंडेअळी आणि फळ पोखरणारी अळी एकच आहे. आधी कोवळ्या शेंड्यात शिरते आणि फळं लागली की फळात. झाडाकडे दुपारी नाही, सकाळी बघा. दुपारी उन्हाने सगळंच माना टाकतं. सकाळी पाणी भरपूर असताना एखादा शेंडा मान टाकून असेल तर समजायचं आत आहे. वीतभर खालून कापा, चिरून बघा, अळी मारा. कापलेला शेंडा कुंडीतच टाकून ठेवायचा नाही, कंपोस्टात पण नाही. सात झाडं आहेत, हातानेच होतं, औषधाची गरज नाही. वरून आठवड्याला निंबोळी अर्क मारा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्याने गाळून थोडा साबण, आणि संध्याकाळी फवारा. एखाद्या झाडाची पानं बारीक बारीक होऊन झुपका झाला असेल तर ते झाड उपटून टाका, मोह करू नका, तो रोग तुडतुड्यांनी बाकीच्यांवर जातो.

गच्चीवरची_सून (जळगाव)

दादा राग कसला, हेच पाहिजे होतं. आज सकाळी मुलाला भिंग घेऊन वर नेलं. सात झाडांवर मिळून अकरा उघडी फुलं. त्यातली सात दडलेल्या काडीची, एकात टोकाला टोक, आणि तीन फुलांत काडी चक्क बाहेर, हिरवी, टोकाला किंचित ओलसर. मी आणि पोरगा दोघं बघतच राहिलो, इतके दिवस रोज ह्याच फुलांकडे बघत होते आणि हे कधी दिसलं नाही. टिचकी मारली तर पिवळी धूळ खरंच उडाली, पोराच्या काळ्या टीशर्टवर पडली तेव्हा दिसली.

दोन शेंडे मान टाकलेले होते. कापले, चिरले, दोन्हीत निघाली. सासूबाईंनी खालून हाक मारली काय चाललंय, मी म्हटलं ऑपरेशन.

रोपाचं मात्र माहिती नाही. ते एक किडकं वांगं हिरवट होतं एवढं आठवतं, रेघा होत्या का नव्हत्या ते लक्षात नाही, भोक बघूनच डोकं फिरलं होतं.

धुळ्याची_माय

बाई गं, वांगं येईल तेव्हा येईल, पण भरीत म्हणजे नुसतं वांगं नाही हे कुणी सांगितलंच नाही तुला. नैवेद्याला कांद्याची पात लागते, कोथिंबीर लागते, मिरची लागते, लसूण लागतो. त्यातली पात आणि कोवळी कोथिंबीर तीन आठवड्यांत गच्चीवर होते. मग वांगं एक जरी घरचं असलं तरी ताट घरचंच झालं ना.

आजच घरातले मोड आलेले कांदे शोध, असतीलच टोपलीच्या तळाला. पसरट टबमध्ये बोटभर अंतरावर खोच, मान वर ठेव. वीस दिवसांत पात कापायला येते. धणे चपलेने किंवा लाटण्याने रगडून दोन फाक कर, रात्रभर भिजव मग टाक, अख्खे टाकलेस तर उगवायला नखरे करतात. उगवायलाच आठ-दहा दिवस जातात, म्हणून कोथिंबीर नैवेद्याला कोवळीच मिळेल पण वास बघ कसा येतो. मेथी टाक मोकळ्या जागेत, महिन्याच्या आत भाजी. ह्या दिवसांत खान्देशात जे टाकशील ते येतं बघ, मुळा, पालक, मेथी, नवलकोल. पुढे मार्चनंतर मात्र नेट बांधल्याशिवाय पोकळासुद्धा करपतो, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत गच्चीच्या लादीवर भाकरी भाजेल. तेव्हा फक्त गवार आणि भेंडी, दोघी आपल्यासारख्या चिवट.

आता भरीत. आमच्या धुळ्याकडे आणि तुमच्या जळगावकडे थोडं इकडे तिकडे असेल, भांडू नका. वांगं हातात घेतलं की आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे, जड म्हणजे बिया. अंगठ्याने दाबलं तर खड्डा भरून आला पाहिजे. चमक गेलेलं वांगं भरिताला घेऊ नये, ते जून झालं. तेलाचा हात फिरवून सुरीने दोन टोचे मारायचे नाहीतर फुटतं. भाजायचं कपाशीच्या काड्यांवर. काडी भसाभस पेटते, आच मोठी पण थोडा वेळ, साल वरून कोळसा आणि आतला गर लोण्यासारखा, आणि त्या धुराचा वास जो गरात उतरतो तो कशालाच नाही. मिरच्या आणि लसूण पण तिथेच निखाऱ्यावर. मग लाकडी बडगीत मिरची-लसूण-मीठ आधी ठेचायचं, त्यात सोललेलं वांगं, लाकडी मुसळाने ठेचत जायचं. मिक्सरमध्ये घातलंस तर माझ्याशी बोलू नकोस, चिकट लगदा होतो, त्याला दशी राहत नाही. मग तेलात जिरं, शेंगदाणे तांबूस होईपर्यंत, सुक्या खोबऱ्याचे काप, चिरलेली पात अर्धी कढईत अर्धी वरून, आणि भरीत घालून नुसतं परतायचं. हळद नाही. टोमॅटो नाही. गरम मसाला तर नाहीच नाही. भरीत हिरवं-पांढरं दिसलं पाहिजे.

नैवेद्याला बाजरीचे रोडगे, ते आहेच. पण दुसऱ्या दिवशी उरलेल्या भरिताबरोबर कळण्याची भाकरी कर. आम्ही चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळून आणतो. वर कच्चं तेल. झालं.

पिंपरीत_अडकलेला

माय तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, मी इथे नवव्या मजल्यावर, काड्या आणायच्या कुठून. गॅसवर भाजलं की बर्नरमध्ये साल पडून भोकं बंद होतात, घरमालकीण वैतागते. काही जुगाड?

धुळ्याची_माय

जाळी ठेव बर्नरवर, पापड भाजायची. आणि आच मध्यम, मोठ्या आचेवर साल लगेच काळी होते आणि आपल्याला वाटतं झालं, आत कच्चं. देठाजवळ सुरी घालून बघ, लोण्यात गेल्यासारखी गेली तर झालं. भाजलं की पाच मिनिटं झाकून ठेव, साल आपोआप सुटते. सोललेलं वांगं पाण्याखाली धरू नकोस, धुराचा वास तिथेच वाहून जातो. हाताला थोडी काळी साल लागली तर राहू दे.

शंकासुर

एक प्रश्न. कपाशीवर किती फवारण्या होतात सगळ्यांना माहीत आहे. त्याच काड्यांच्या धुरावर भाजलेलं खायचं? कुणी विचारच करत नाही.

तापीकाठचा_शेतकरी (यावल)

@शंकासुर विचार आम्ही पण करतो भाऊ. घरच्या भरितासाठी आम्ही बहुतेक तुरीच्या काड्या ठेवतो, किंवा मागच्या हंगामाच्या, पावसाने धुतलेल्या, गोठ्याच्या छपरावर पडून असलेल्या. नुकत्या उपटलेल्या हिरव्या काड्या तशाही नीट पेटत नाहीत, नुसता धूर. ज्यांना शंका त्यांनी तुरीची काडी घ्यावी, चवीत फार फरक नाही. आता इथे काही जण म्हणतील खूप फरक आहे, त्यांनी डोळे बांधून खाऊन दाखवावं.

धुळ्याची_माय

मी दाखवते. कधी येऊ?

तापीकाठचा_शेतकरी (यावल)

या ना माय, जानेवारीत शेतात भरीत पार्टी ठेवतो, वांगी आमची, बडगी तुमची.

निवृत्त_गार्ड (भुसावळ)

मला विसरू नका. भुसावळहून गाडी-बिडी सगळं बघतो मी, चाळीस वर्षं तेच केलं.

गच्चीवरची_सून (जळगाव)

अपडेट द्यायचं राहिलं, काल चंपाषष्ठी झाली.

तीन फुलांपैकी दोन धरली, आणि टोकाला टोकवालं एक, म्हणजे एकूण तीन वांगी. हिरवी निघाली, रेघा आहेत!! नर्सरीवाल्याला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या होत्या तेवढ्या परत घेतल्या. दोन वांगी मुठीपेक्षा थोडी मोठी, एक जेमतेम मूठभर. तिसऱ्यात देठाजवळ अळी निघाली पण वरच्या वर होती, तेवढा भाग काढून टाकला. तिन्हींचं मिळून भरीत वाटीभर झालं, नैवेद्याला पुरलं, जेवायला अर्थातच बाजारातली दोन किलो आणली होती (चिल भाऊ, हसू नका). काड्या मिळाल्या नाहीत, तुरीच्या पण नाहीत, शेवटी गच्चीवर विटांची चूल करून सुक्या निंबाच्या फांद्या जाळल्या, वास थोडा कडसर आला. पात आणि मिरची सगळी घरची. कोथिंबीर अजून दोन पानांवरच आहे, धणे मी रगडायला विसरले होते, अख्खेच टाकले.

सासूबाईंनी दोन्ही भरितं वेगवेगळी मागितली. आधी बाजारचं खाल्लं, मग आमचं. मग म्हणाल्या, "बिया जरा जास्त आहेत. पण आपलंच आहे." मी विचारलं म्हणजे आपलं म्हणजे गच्चीवरचं का बामणोदचं, तर नुसत्या हसल्या आणि आणखी थोडं वाढून घेतलं.

आता झाडांवर नवीन बारा-तेरा फळं धरलीत, युरिया बंद केल्यापासून नवी पानं लहान येताहेत आणि फुलं जास्त. दादा म्हणाले तसं प्रत्येकी चारच ठेवणार. गिलक्याचं पण काम झालं, पहाटे उठावं लागतं तेवढंच.

तापीकाठचा_शेतकरी (यावल)

रेघा आहेत म्हणता म्हणजे वाण आपलाच दिसतो. मग एक काम करा, सगळ्यात चांगल्या झाडावरचं एक फळ तोडू नका, झाडावरच पिवळं होऊ द्या, पार सुरकुतेपर्यंत. मग बी काढून धुवून सावलीत वाळवा आणि राखेत घोळवून ठेवा. हायब्रीड असेल तर पुढच्या वर्षी सगळी वेगवेगळी निघतील, गावरान असेल तर अशीच येतील, तेवढं कळेल. जूनमध्ये टाका, ऑगस्टपर्यंत थांबू नका.

गच्चीवरची_सून (जळगाव)

दादा ते झालंय. आज सकाळी वर गेले तर कोपऱ्यातल्या झाडाच्या एका वांग्याला लाल दोरा बांधलेला. घरात सगळ्यांना ताकीद आहे, हात लावायचा नाही.